पत्र्याखालची चूल

रविवार, १२ फेब्रुवारी १९८४

आधी दुरुस्ती. मागच्या पानावर मी लिहिलं आहे की माझा रिपोर्ट ऐकून वहिनी रडली. त्या वेळी वहिनी कांदे चिरत होती. लासलगावचा कांदा, तिखट. म्हणजे डोळ्यांतलं पाणी रिपोर्टचं की कांद्याचं हे मला माहीत नाही. माहीत नसताना लिहिलं, ते चुकलं. तरी थोडं रिपोर्टचं असणारच. चां.

खाडाखोड करायची नाही ही अण्णांची शिकवण. अण्णा, आमचे वडील, कोर्टात नकलनवीस होते, कागदांच्या नकला उतरवायचे. शाळेत घालण्याआधी मला त्यांनीच घरी शिकवलं. चुकलेली ओळ तशीच ठेवायची, बरोबर काय ते खाली लिहायचं, शेवटी आपलं आद्याक्षर टाकायचं. पाटीसुद्धा पुसू देत नसत. पाटी फार लवकर भरायची.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं ते नीट लिहून ठेवते. रक्ताचा कॅन्सर. क्रॉनिक, म्हणजे सावकाश चालणारा. गोळ्या रोज. महिन्या-दीड महिन्यानं रक्त तपासायला मुंबई. संसर्ग नाही, आनुवंशिक नाही, हे त्यांनी दादाला दोनदा सांगितलं. बरा कधी होईल असं मी विचारलं. ते म्हणाले, सध्या सांभाळायचं.

बालवाडीची नोकरी गेली. मुलांना उचलावं लागतं आणि मला दम लागतो. तक्रार नाही.

दादानं मार्ग काढला. निराधार योजना! कॅन्सर, क्षय, अपंग अशा माणसांना सरकार दरमहा मदत करतं. त्यात गोळ्या आणि मुंबईचं तिकीट भागेल. दादा स्वतः सरकारी खात्यात क्लार्क, कचेरीत ओळखी. म्हणाला, 'चांगू, तू काही हालचाल करायची नाहीस. सगळं माझ्यावर सोड.' असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

ठराव: सगळं दादावर सोडायचं. काळजी करायची नाही. (काळजीचा ठराव उद्यापासून.)

बुधवार, १५ फेब्रुवारी

दादानं फॉर्म आणला. शेवटी एक ओळ आहे, 'मला कोणाचाही आधार नाही,' आणि खाली सही. मी अडले. दादा समोर उभा राहून पेन पुढे करतो आहे, आणि मी लिहू की कोणी नाही? आई, दादा, वहिनी, धाकटी विशाखा, सगळे एका घरात, आणि मी निराधार? अण्णांनी अ-आ-ईच्या आधी माझ्याकडून पंचशील पाठ करून घेतलं होतं. चौथं शील, खोटं बोलणार नाही.

दादा वैतागला. म्हणाला, 'अगं, चार-चार मुलगे असलेले म्हातारे लिहितात.' मी म्हणाले, अण्णांनी लिहिलं नसतं. दादा म्हणाला, 'अण्णांनी स्वतःचं काहीच लिहिलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं उतरवलं.' दादा ऑफिसातून दमून येतो.

मार्ग वहिनीनं काढला. स्वयंपाकघरातूनच म्हणाली, 'वन्सं, वेगळी चूल मांडा की. चूल वेगळी ते माणूस वेगळं. मग खोटं कुठं राहिलं?' चौकशीला कचेरीचा माणूस येतो, तोही म्हणे चूलच बघतो. वहिनी सातवीपर्यंत शिकली, पण डोकं वकिलाचं.

रविवार, १९ फेब्रुवारी

चूल मांडली. मागच्या दारी पत्र्याची पडवी आहे, तिथे. दादानं स्वतः विटा आणल्या, चिखल कालवला. मला विटेला हात लावू दिला नाही. वहिनीनं पोचा आलेलं पातेलं आणि तिचा जुना तवा दिला.

दादा म्हणाला, 'एकदा पेटव, जरा काळी होऊ दे. बास. जेवण आत.' मला पटलं नाही. नुसती काळी केलेली चूल म्हणजे खोटी चूलच. मी सांगितलं, मी रोज इथेच रांधणार, म्हणजे फॉर्मवरचा शब्द खरा राहील. दादा आणि वहिनीनं एकमेकांकडे बघितलं. मला वाटतं त्यांना अभिमान वाटला.

एक शंका: वेगळं रांधून एकत्र जेवलं तर चालतं का? विचार केला. विस्तव वेगळा, पंगत एक. चालावं. ताट घेऊन आत गेले. आई म्हणाली, 'ये गं बाई पाहुणे, बस.' सगळे हसले. मीही.

फॉर्मवर सही केली.

शनिवार, २५ फेब्रुवारी

भाकरी जमत नाही. कडा करपतात, मध्ये कच्ची. आज डोळ्यांत धूर गेला आणि भाकरी विस्तवात गेली.

शेजारच्या भागीबाई कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, 'चांगुणा, हे काय चाललंय? घरात चूल असून मागं का धूर काढती?' मी म्हणाले, कचेरीच्या कामासाठी. त्यांना समजलं नाही. मग माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. डाव्या बाजूला फुगवटा दिसतो आता, साडी कितीही सैल नेसली तरी. मी स्पष्ट सांगितलं, आजारात पाणथरी (प्लीहा) वाढते, डॉक्टरांनी दाबून बघितली आहे. भागीबाई म्हणाल्या, 'आमच्या येवल्याच्या चुलतीची पण अशीच पाणथरी वाढली व्हती. नऊ म्हयन्यानं पोरगं झालं. लय गोरं.'

आजाराचं नाव सांगायचं नाही असं दादाचं बजावणं आहे, मंजुरीपर्यंत गुप्त ठेवावं लागतं म्हणाला. म्हणून 'रक्ताचा त्रास' एवढंच सांगते. ते खरंच आहे. भागीबाई म्हणाल्या, 'त्रासच की. समद्या जगाचा ह्योच त्रास.'

मीठ संपलं. शेजारणीकडून आणावं तसं वहिनीकडून वाटीभर आणलं आणि आज बाजारातून आणून परत केलं. मला वाटलं ती नको म्हणेल. तिनं वाटी काठोकाठ भरली आहे का ते बघून घेतली. तत्त्वाला पक्की. मी शिकण्यासारखं आहे.

सोमवार, ५ मार्च

अर्ज गेला! मुंबईचे कागद, फोटो, सगळं जोडून दादानं आज कचेरीत दिलं. मी पोच मागितली. अण्णा म्हणायचे, पोच नाही तर कागद वाऱ्यावर. दादा म्हणाला, 'ओळखीच्या माणसाकडे पोच मागायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास. उद्या तू माझ्याकडेही पोच मागशील.' मला इतकी लाज वाटली की मी त्याला चहा करून दिला. माझ्या चुलीवर. त्यानं उभ्यानंच प्यायला.

ठराव: यापुढे पोच मागायची नाही. कोणाकडेच.

रविवार, १८ मार्च

वहिनीनं लक्षात आणून दिलं की चूल वेगळी आणि रेशनकार्ड एक, हे विसंगत दिसेल. मला कसं सुचलं नाही! दादानं माझं नाव कमी करून आणलं. हे काम मात्र दोन दिवसांत झालं, म्हणजे त्याचं वजन किती ते कळतं. माझं नवं कार्ड येईल. तोवर साखर आणि रॉकेल नाही. चहा गुळाचा. गूळ पचायला हलका.

कचेरीकडून काही नाही. दादा म्हणाला, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. टेबलापर्यंत गेली हे थोडं नाही.

सोमवार, २६ मार्च

आजपासून जेवणही मागे. कचेरीचा माणूस नेमका जेवणाच्या वेळी आला आणि मी आत पंगतीत बसलेली दिसले तर? वहिनीची भीती रास्त आहे. 'वन्सं, तुमच्याच भल्याचं सांगते.' अंथरूणही मागे आणलं. तिथेच दार, तिथेच हवा.

दुपारी आई आली. पदराखालून वाटी काढली, शेंगदाण्याची चटणी. मी विचारात पडले. ही मदत धरायची की भेट? मदत असेल तर 'कोणाचाही आधार नाही' याला बाध येतो. आई म्हणाली, 'खा मुकाट्यानं. अगदी बापावर गेलीस. उगाच कीस काढत बसू नको.' मग जरा वेळ चुलीजवळ बसली. विस्तव सारखा केला. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण आतून वहिनीनं हाक मारली आणि ती उठली.

वाटी घासून परत केली. आत काही घातलं नाही, म्हणजे ती भेट.

शनिवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी पुतळ्यापर्यंत चालवलं नाही. वाटेत दोनदा बसले, मग परत फिरले. मिरवणूक कॉलनीतून गेली ती ओट्यावरून बघितली. दादा पांढऱ्या कपड्यांत पुढे, निळा पटका. अण्णा असायचे तेव्हा मला खांद्यावर घ्यायचे, आणि कोणी विचारलं, 'मल्हारीदादा, मुलगा का?' तर म्हणायचे, 'माझी नक्कल आहे. मूळ प्रतीशी ताडून बघा.'

मिरवणूक गेल्यावर विशाखा जिलबी घेऊन मागे आली. माझ्या शेजारी बसली, खूप दिवसांनी. म्हणाली, 'ताई, तू इतकी भोळी कशी गं?' मी म्हणाले, भोळी म्हणजे सरळ, आणि सरळ असणं चांगलं. तिचे डोळे भरले. 'तुला कोणी काही सांगितलंच नाही ना,' म्हणाली आणि पळाली. अर्धी जिलबी माझ्याच हातात.

काय सांगितलं नाही? बहुतेक मंजुरीचं. सगळे मिळून मला एकदम आनंदाचा धक्का देणार असतील. विशाखाला गुपित टिकवता येत नाही, लहानपणापासून. मी काही कळलं असं दाखवणार नाही.

गुरुवार, २६ एप्रिल

आनंदाचा धक्का तो नव्हता. विशाखाला रविवारी बघायला येणार आहेत. इगतपुरीचे लोक, मुलगा रेल्वेत. फेब्रुवारीपासून बोलणी चालली होती म्हणे. मला सांगितलं नाही, कारण मला दगदग नको. इतका विचार करतात.

पत्रा तापतो. दुपारी चूल न पेटवता भाकरी भाजेल असं वाटतं. गोळ्यांनी मळमळ. मुंबईची तारीख होऊन गेली. दादा म्हणाला, लग्नाचं आटपलं की जाऊ. लग्न अजून ठरलंही नाही, पण दादा आशावादी आहे.

रविवार, २९ एप्रिल

पाहुणे आले. सविस्तर लिहिते.

मी मागेच थांबायचं असं ठरलं होतं, गर्दी नको म्हणून. भाकरी थापत होते. मुलाची आई, वत्सलाबाई, हात धुवायला मागे आल्या. चेहरा प्रेमळ. 'जयभीम' म्हणाल्या, चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. वहिनीला विचारलं, 'ह्या कोण?'

वहिनी म्हणाली, 'ह्या मागं भाड्यानं राहतात. एकट्याच आहेत. चांगुणाबाई.'

आई टॉवेल घेऊन उभी होती. तिनं टॉवेलची घडी मोडली आणि परत घातली. वत्सलाबाईंनी मला विचारलं, 'कधीपासून राहता हो बाई?' मी म्हणाले, फेब्रुवारीपासून. हे अक्षरशः खरं आहे.

पाहुणे गेल्यावर बराच विचार केला. वहिनीनं तसं का सांगितलं? कारण बाहेरच्या माणसासमोर एकदा चूल वेगळी सांगितली की सगळीकडे तेच सांगावं लागतं. इगतपुरीचे लोक उद्या कचेरीत कोणाशी बोलले तर? वहिनीनं प्रसंगावधान राखलं. तिच्या जागी मी असते तर गडबडले असते.

मी स्वतः खोटं बोलले का? भाड्याबद्दल मी 'हो' म्हटलं नाही. मान हलली होती, पण भाकरी थापताना मान हलतेच.

फक्त 'चांगुणाबाई' हे जरा लागलं. 'वन्सं' म्हटलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं, हे समजतं. तरी लागलं. मग पाहुणे गेल्यावरही ती तेच म्हणाली. 'चांगुणाबाई, बादली आत देता का?' जिभेला वळण पडलं असेल.

शुक्रवार, ४ मे

लग्न ठरलं, बुद्ध पौर्णिमेला. मी जुन्या पातळाचे दोन पडदे शिवून दिले. अर्जाचं विचारलं नाही, पण दादानं आपणहून सांगितलं, साहेब रजेवर आहेत. उन्हाळ्यात सगळेच साहेब रजेवर जातात. दादाला स्वतःला रजा मिळत नाही, बिचारा.

आज पत्रिका आली. म्हणजे आईनं आणून दिली. वर लिहिलं आहे, 'चांगुणाबाई, मागील खोली, यांस.' अक्षर दादाचं. मी आईला विचारलं, बहिणीच्या लग्नाची पत्रिका बहिणीला कशाला? आई म्हणाली, 'असू दे. तुझ्याजवळ एक असावी.' आत निमंत्रकांत दादा, वहिनी, आई. भाडेकरूचं नाव निमंत्रकांत घालत नाहीत, हे उघड आहे.

गोळ्या जपून. पुढच्या आठवड्यापासून एक दिवसाआड घ्याव्या लागतील.

ठराव: दादाचा त्रास कमी करायचा. लग्न झालं की मी स्वतः कचेरीत जाऊन नम्रपणे फक्त चौकशी करीन. त्याला सांगायचं नाही. मंजुरीचा कागद त्याच्या हातात ठेवायचा आणि त्याचं तोंड बघायचं.

मंगळवार, १५ मे. बुद्ध पौर्णिमा

विशाखाचं लग्न झालं. समाजमंदिरात मी मागच्या रांगेत भागीबाईंजवळ बसले. भागीबाई म्हणाल्या, 'अगं, पुढं जा की. सख्खी बहीण ना तू?' मी म्हणाले, पंख्याखाली बरं वाटतं. पंखा बंद होता.

वंदना सुरू झाली. सगळ्यांबरोबर मीही म्हणत होते. तिसरं शील झालं. चौथ्याला माझा आवाज आला नाही. दादा पुढे उभा होता. त्याचा आवाज स्पष्ट आला.

जेवताना वत्सलाबाई मुद्दाम माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, 'तुमच्या मालकीणबाई फार कौतुक करत होत्या हो. भाडेकरू असावी तर अशी, आवाज नाही, तक्रार नाही.' मग हळूच विचारलं, 'माहेरचं कोणी नाही का तुम्हाला?'

माझ्या तोंडात बुंदी होती. गिळायला वेळ लागला. तोवर त्यांना कोणीतरी हाक मारली.

निघताना विशाखा एकेकीच्या गळ्यात पडून रडली. भागीबाईंच्यासुद्धा. माझ्यासमोर आली, हात अर्धे वर उचलले आणि मागे बघितलं. मागे वत्सलाबाई होत्या. 'येते हं,' म्हणाली, 'चांगुणाबाई.'

उद्या लिहीन.

गुरुवार, १७ मे

काल लिहिलं नाही. आज कचेरीत गेले.

योजनेच्या टेबलावर निवृत्ती भाऊसाहेब म्हणून वयस्कर गृहस्थ आहेत. नाव सांगितलं, पाच मार्चचा अर्ज सांगितलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, नाही. मी म्हणाले, साहेबांच्या टेबलावर असेल. ते म्हणाले, साहेबांच्या टेबलावर माझ्या हातून जातो, बाई. मी म्हणाले, ड्रॉवरमध्ये राहिला असेल. त्यांनी सगळे ड्रॉवर उघडून दाखवले. एकात त्यांचा डबा होता. मी म्हणाले, डब्याखाली बघा. त्यांनी डबा उचलला. रागावले नाहीत.

मग विचारलं, 'दिला कोणी होता?' मी दादाचं नाव सांगितलं. सावळीराम. चेहरा एकदम खुलला त्यांचा. 'सावळीराम? ओळखतो की. फेब्रुवारीत आला होता, चहा घेतला आम्ही. फॉर्म नेला. जाताना विचारतो, मंजूर झालेल्यांची नावं कुठं लावता? म्हटलं, बाहेर फळ्यावर. नाव, पत्ता, आजार. तो म्हणाला, आजार पण? म्हटलं, नियम आहे. म्हणाला, घरात धाकटीचं लग्न काढलंय हो. मग काही आला नाही. अर्ज तुमचा होता होय?'

मी उभीच होते. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, अर्ज अर्जदारानं स्वतः द्यायचा असतो. सोमवारी घेतात. सिव्हिल सर्जनचा दाखला लागेल, त्याची चिठ्ठी इथूनच मिळते.

बाहेर येऊन फळा बघितला. पुष्कळ नावं होती. क्षय. अंध. कॅन्सर. पायानं अधू. लोक बघतसुद्धा नव्हते, फळ्याच्या सावलीत बसून भेळ खात होते.

दादाकडून ऐकल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. दोन बाजू असतात.

शुक्रवार, १८ मे

दादाची बाजू ऐकली.

नाकारलं नाही त्यानं. म्हणाला, 'घरात रक्ताचा कॅन्सर आहे असं फळ्यावर लागलं असतं, तर विशाखाला कोणी केली असती का? तूच सांग.' मी म्हणाले, आनुवंशिक नाही असं डॉक्टरांनी तुला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, 'मला सांगितलं. इगतपुरीला कोण सांगणार?' मी म्हणाले, मग मला तरी सांगायचं होतंस. मी थांबले असते. तो म्हणाला, 'तू थांबली असतीस. पण कोणी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस.'

हे मात्र बरोबर आहे.

मी म्हणाले, झालं ते झालं. अर्जच नाही, तर चौकशीला कोणी येणार नाही. चूल आता कशासाठी? उद्यापासून मी आत जेवते. माझं अंथरूणही उचलते.

वहिनी म्हणाली, 'आता कशाला, चांगुणाबाई? बसलं आहे ना सगळं नीट? सोमवारी जावईबापू येणार, बरोबर वत्सलाबाई. त्यांना काय सांगू, भाडेकरीण पंगतीला कशी? वर्षभर जाऊ दे. मग बघू.' आणि सोमवारी मागे पाणी भरून ठेवाल का, पाहुण्यांना हातपाय धुवायला.

मी आईकडे बघितलं. आई चुलीजवळ आली, वाकली, राख पुढे ओढली. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'आता तुझ्या भाकऱ्या चांगल्या होतात गं, चांगू. कडा करपत नाहीत.'

शनिवार, १९ मे

दुरुस्त्या.

१२ फेब्रुवारी. वहिनी कांदे चिरत होती, एवढंच. चां.

५ मार्च. अर्ज गेला नव्हता. चां.

२९ एप्रिल. मान हलली असं लिहिलं आहे. मी हलवली. चां.

बाकीच्या इतक्या आहेत की पान पुरणार नाही. सगळी वही एकदाच दुरुस्त धरावी.

मुंबईचे कागद दादानं सकाळी न बोलता उंबऱ्यावर ठेवले. मी ते मोजून घेतले. त्याला वाईट वाटलं असेल. पोच दिली नाही.

नवा फॉर्म भरला. निवृत्ती भाऊसाहेबांनी परवा दिला होता. आजार: रक्ताचा कॅन्सर, क्रॉनिक. पूर्ण लिहिलं. फळ्यावर लागायचं तर अर्धवट नको. वत्सलाबाईंनी कुठे वाचलं आणि मला विचारलं, तर डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगीन, लागत नाही हेही आणि पोटच्यांना जात नाही हेही. त्यांनी मला लग्नात विचारलं होतं, माहेरचं कोणी नाही का. त्याचंही उत्तर राहिलं आहे.

शेवटची ओळ आली. 'मला कोणाचाही आधार नाही.' फेब्रुवारीत याच ओळीपाशी मी हट्ट धरून बसले होते, आणि ती खरी व्हावी म्हणून चूल मांडून घेतली होती. आज एका दमात लिहिली. पुन्हा वाचली, अण्णा वाचायचे तशी, एकेका शब्दावर बोट ठेवून. दुरुस्तीला जागा नाही. सही केली.

पाणी भरून ठेवणार नाही. पहाटे चूल पेटवून दोन भाकऱ्या बांधून घ्यायच्या आणि कचेरी उघडायच्या आधी दारात बसायचं, फळ्याखाली सावली असते तिथे. पाहुणे येतील तेव्हा मागची पडवी बंद असेल.

फॉर्मवर तारीख आधीच टाकून ठेवली: सोमवार, २१ मे १९८४.